टाके गळ्यापासून होते

माझी बायको शाळेत फळ्यावर लिहिताना पडली. तिला रिक्षातून दवाखान्यात नेलं. मी कॉलेजात तास घेत होतो. शिपाई दारात आला आणि म्हणाला, "सर, फोन आहे." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की डोक्यात रक्तस्राव होऊन तिचा मेंदू मेला आहे. संध्याकाळी आम्ही तिचं यकृत आणि मूत्रपिंडं द्यायला हो म्हणालो.

हे नवं शतक सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. अवयवदानाचा कायदा होऊन बराच काळ लोटला होता, पण नाशिकमध्ये मेंदू मेला म्हणजे माणूस मेला हे कुणाच्या गळी उतरत नव्हतं. माझ्याही नव्हतं. मी मराठी शिकवतो, पुस्तकं वाचतो, आणि छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवायची मला सवय आहे. तरी काचेच्या त्या खोलीत, तिच्या नाकातोंडात नळ्या आणि छाती यंत्राबरोबर वरखाली होत असताना, डॉक्टरांचं वाक्य मला खोटं वाटलं. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. कानात गार पाणी सोडून पाहिलं. श्वासाचं यंत्र बाजूला करून छाती आपोआप हलते का ते पाहिलं. ती हलली नाही. काही तासांनी हे सगळं पुन्हा केलं. मी काचेबाहेर उभा राहून विचार करत होतो की मेलेल्या माणसाला दोनदा का तपासतात.

माझ्या सासूबाई, ज्यांना मी मामी म्हणत असे, मखमलाबादच्या मळ्यातून आल्या होत्या. त्यांच्या घरी शेवंती आणि झेंडू असायचा, आणि पहाटे माल बाजारात न्यायची जबाबदारी त्यांच्याकडेच होती. त्या पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि मुलीचे तळपाय दोन्ही हातांत धरून राहिल्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "पाय गरम हायेत."

डॉक्टर म्हणाले, "औषधांमुळे आणि यंत्रामुळे, मावशी."

"मंग यंत्र काढल्यावर गार व्हतील?"

"हो."

"मंग काढायच्या आधी कापणार तुम्ही."

डॉक्टरांनी हो म्हणून मान हलवली. ते मूत्रपिंडाचे डॉक्टर होते, वयानं माझ्याएवढेच, बोलायला मऊ. अवयवांचा विषय त्यांनीच काढला होता. मामींचा भाऊ काविळीनं गेला होता, पोट फुगून. मला वाटतं त्याच आठवणीनं त्या शेवटी हो म्हणाल्या. पण त्यांनी दोन अटी घातल्या. डोळे द्यायचे नाहीत. आणि छातीला हात लावायचा नाही.

"हार्ट नाही ना मागत तुम्ही?"

"नाही, मावशी. फक्त यकृत आणि मूत्रपिंडं."

"मंग छाती उघडायचं कामच नाय."

"नाहीच," डॉक्टर म्हणाले. खिशातलं पेन काढून त्यांनी स्वतःच्या शर्टावरून बरगड्यांच्या खालून बेंबीपर्यंत फिरवलं. "इथून इथपर्यंत. पोटातूनच काढतात सगळं."

यकृत काढायला पुण्याहून डॉक्टरांची तुकडी गाडीनं आली. ते आमच्याजवळूनच आत गेले. त्यांतल्या एकानं शिपायाला विचारलं की इथं चहा कुठं मिळेल. मला तो प्रश्न फार लागला. प्रवास करून आलेल्या माणसाला चहा हवासा वाटणारच, हे आज कळतं. तेव्हा मात्र मी त्याचा चेहरा लक्षात ठेवला. माझा मेहुणा बाहेर जिन्याजवळ बसला होता. काही तासांनंतर त्यांना खाली जाताना त्यानं पाहिलं.

"दाजी," तो मला म्हणाला, "सहलीला नेत्यात तसले आइसबॉक्स होते. लाल झाकणाचे. एवढे कशाला लागतात?"

"बर्फ असेल."

"बर्फच असंल ना?"

मी हो म्हणालो. पण तेव्हापासून ते खोके माझ्याही डोक्यात राहिले.

आमच्यात सवाष्ण गेली की तिला माहेरच्या बायका अंघोळ घालतात, हळद लावतात, हिरवी साडी नेसवतात, ओटी भरतात. ती साडी माहेरची असते. नवऱ्यानं त्या वेळी तिथं थांबायचं नसतं. तिला घरी आणल्यावर मी पुढच्या खोलीत पुरुषांमध्ये बसलो होतो. आत पाण्याचा आवाज येत होता, आणि मधेच तो थांबला. कुणी रडलं नाही, कुणी बोललं नाही. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग पुन्हा पाणी ओतल्याचा आवाज आला.

मामी दारापर्यंत आल्या. त्यांच्या बोटांना हळद होती. फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू त्या म्हणाल्या, "छाती फाडलीय."

मी उठून उभा राहिलो.

"हळद लावायची म्हणून पट्टी काढली. टाके गळ्यापासून हायेत. गोणीचं तोंड शिवत्यात तसे, खालपर्यंत. आन् हाताखाली हाड हलतंय, जावईबापू. मधोमध दोन फाका झाल्यात."

एवढं बोलून त्या आत गेल्या. अंत्ययात्रा वेळेवर निघाली. पंचवटीत अग्नी दिला. माणसं येत होती, माझे हात हातात घेत होती आणि "मोठं काम केलंत सर" असं म्हणत होती. मी मान हलवत होतो. मनात एकच होतं. त्या डॉक्टरनं पेन फिरवलं ते बरगड्यांच्या खाली. गळ्यापाशी नाही.

दहाव्याला आम्ही रामकुंडावर गेलो. तिथल्या कावळ्यांना भूक अशी नसतेच. सकाळपासून गावोगावची पिंडं मांडलेली असतात, आणि ते कठड्यावर बसून एखाद्या लग्नातल्या थकलेल्या पाहुण्यांसारखे पाहत राहतात. आमच्या पिंडाला कावळा शिवेना. मेहुणा पुढे झाला. "अक्का, दाजींना आम्ही अंतर देणार नाही," तो म्हणाला. कावळा हलला नाही. "अक्का, मळ्याकडं लक्ष ठेवीन. दारू बंद." त्याच्या बायकोनं मागून "आता बोललास ते ऐकलंय सगळ्यांनी" असं म्हटलं. दोघातिघांना हसू आलं. कावळा तरी आला नाही. गुरुजी घड्याळाकडे पाहत म्हणाले, दर्भाचा कावळा करू, ऊन वाढतंय.

मामी पायऱ्यांवर मागे उभ्या होत्या. तिथूनच मोठ्यानं म्हणाल्या, "थांबा. जावईबापू, तुम्ही बोला. तिची छाती का फाडली ते इचारून येतो म्हणा."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. अंघोळ घालणाऱ्या बायका सोडल्या तर नातेवाइकांना आतापर्यंत टाक्यांची गोष्ट माहीत नव्हती. ती अशी, घाटावर, सगळ्यांसमोर उघडी पडली. मी देवाधर्मातला माणूस नाही. तरी हात जोडले आणि म्हणालो, "छाती का उघडली ते मी विचारून येईन. हृदय नेलं का ते विचारून येईन. आणि काय कळेल ते तुझ्या आईला सांगेन."

एक कावळा उतरला. त्यानं भात ओढला आणि उडून गेला. बायका रडल्या. मला त्या कावळ्याचाही संशय आला. शेजारच्या पिंडावरून हाकललेला असेल. पण शब्द दिला होता, आणि तो सगळ्यांनी ऐकला होता.

आधी मी मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला खुर्ची दिली आणि दार लोटून घेतलं. दार का लोटलं, हा विचार माझ्या मनात आला. मी टाक्यांचं सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं. ते खरं होतं की आणलेलं, हे मला ठरवता आलं नाही.

"छातीपर्यंत?" ते म्हणाले. "मी आत नव्हतो हो. आमचं काम मूत्रपिंडं त्यांच्याकडून ताब्यात घेण्याचं. पुण्याच्या सर्जनना विचारा."

"तुम्ही सासूबाईंना सांगितलं होतंत."

"मला जे माहीत होतं ते सांगितलं."

सर्जनचं नाव आणि फोन नंबर त्यांनी दिला, पण "कशाला त्रास करून घेता" असंही म्हणाले. हे वाक्य मी घरापर्यंत मनात घोळवत आलो. त्रास मला होणार होता की त्यांना?

पुण्याला जाण्याआधी मला तयारी करायची होती. समोरचा माणूस खोटं बोलला तर कळायला हवं, एवढंच मला हवं होतं. मेन रोडच्या बाजूला जुन्या पुस्तकांचं एक दुकान होतं, तिथं शस्त्रक्रियेचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. कुणा विद्यार्थ्यानं परीक्षा झाल्यावर विकलं असावं. त्यात दात्याच्या शरीरातून यकृत कसं काढतात यावर एक प्रकरण होतं. मी शब्दकोश शेजारी ठेवून ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. रोज थोडं थोडं. कवितेची ओळसुद्धा मी इतक्या सावकाश वाचली नसेल.

पहिल्याच पानावर उत्तर होतं. चीर गळ्याच्या खळग्यापासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत घ्यायची. छातीचं हाड मधोमध करवतीनं कापायचं. हृदय घ्यायचं नसलं तरीही. यकृत बरगड्यांच्या आड, छाती आणि पोटामधल्या पडद्याला चिकटून वर दडलेलं असतं, आणि छाती उघडली की ते नीट दिसतं, हाताला लागतं. शिवाय पोटातल्या मोठ्या धमनीत नळी घालून तिच्यातून थंड द्रावण आत सोडायचं असतं. ते सोडताना धमनीला वर चिमटा लावावा लागतो, म्हणजे थंडावा यकृताकडे आणि मूत्रपिंडांकडेच जातो. जे रक्त मागे सारलं जातं, त्याला छातीतून बाहेर पडायला वाट करून द्यावी लागते. भोवती बर्फाचा चुरा भरतात. मग यकृत फिकट होत जातं.

हे वाचून माझं समाधान व्हायला हवं होतं. झालं उलटंच. एक शंका मिटली की तिच्या जागी आणखी दोन निघत होत्या. पुढच्या परिच्छेदात लिहिलं होतं की काही सर्जन छाती न उघडताही हे करतात. म्हणजे उघडलीच पाहिजे असं नव्हतं. त्यापुढे दोन पद्धती होत्या. पहिलीत, हृदय चालू असतानाच यकृताच्या नसा आणि पित्ताची नळी एकेक करून सावकाश मोकळी करतात, आणि शेवटी थंड द्रावण सोडतात. दुसरीत, आधी झटपट नळी घालून सगळं थंड करतात आणि मग मोकळं करतात. दात्याची तब्येत ढासळत असेल तर ही दुसरी. 'तब्येत' हा शब्द मी वहीत उतरवून घेतला. मेलेल्याची तब्येत ढासळते कशी?

आणखी एका ठिकाणी लिहिलं होतं की स्नायू सैल पडण्याचं औषध दात्याला देतात, कारण हातपाय हलू शकतात. ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि त्या दिवशी पुन्हा उघडलं नाही.

प्रकरणाच्या शेवटी बारीक अक्षरात एक वाक्य होतं. यकृताबरोबर ओटीपोटातल्या, मांडीकडे जाणाऱ्या धमन्यांचे आणि शिरांचे तुकडेही काढून न्यावेत. घेणाऱ्याच्या शरीरात जोडणी कमी पडली तर ते सुटे भाग म्हणून कामी येतात.

हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. यकृत आणि मूत्रपिंडं, एवढंच बोलणं झालं होतं. मी ठरवलं की सर्जनला हे विचारायचं नाही. तो आपण होऊन सांगतो का ते पाहायचं. सांगितलं नाही, तर हृदयाबद्दल तो काय म्हणतो त्याला काही अर्थ नाही.

एस.टी.डी. बूथवरून मी फोन केला. भेटीची वेळ लगेच मिळाली. इतक्या सहज मिळाली की मला तेही खटकलं.

मी एकटा जाणार होतो. मामी म्हणाल्या, "मी येणार. तुम्ही लय भले हाये. तो गोड बोलला तर तुम्ही पुस्तकातलं बोलून परत येशाल." जुन्या सीबीएस बसस्टँडवरून आम्ही बस धरली. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव असा सगळा रस्ता त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. दुसऱ्याच्या मळ्यातला झेंडू दिसला की तो कसा आहे ते सांगायच्या. "पानी जास्त झालंय." "ह्याला भाव नाय मिळायचा." माझ्या मांडीवर पिशवीत ते पुस्तक होतं. ते का घेतलं हे मला सांगता आलं नसतं. साक्षीदार म्हणून असेल.

सर्जन पन्नाशीचे होते. चहाचं विचारणारा माणूस हा नव्हता. नखं अगदी बारीक कापलेली. त्यांनी मामींना आधी बसायला सांगितलं आणि स्वतः टेबलाच्या पलीकडे न बसता आमच्या बाजूला खुर्ची ओढून घेतली. मला वाटलं, हे त्यांना शिकवलेलं असणार.

मामींनी पाणी घेतलं नाही. त्यांनी सरळ विचारलं, "माझ्या पोरीची छाती का फाडली?"

त्यांनी पुस्तकात होतं तेच सांगितलं, पण सोप्या शब्दांत. यकृत बरगड्यांच्या आत कसं बसतं ते स्वतःच्या बरगडीवर हात ठेवून दाखवलं. रक्ताला बाहेर पडायला वाट लागते म्हणाले.

"आमची अट होती," मी म्हणालो. "छातीला हात लावायचा नाही."

त्यांनी विचारलं, "कुणाला सांगितली होतीत?"

"मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना. ते म्हणाले पोटातूनच काढतात."

"आमच्यापर्यंत ती आली नाही." मग म्हणाले, "त्यांची चूक अशी म्हणता येणार नाही. त्यांनी मूत्रपिंडं काढताना पाहिलंय. त्याला छाती उघडावी लागत नाही, पोट पुरतं. तुमच्याकडे नाशिकला तोवर तेवढंच झालेलं. यकृत काढताना त्यांनी कधी पाहिलंच नसेल. त्यांनी पाहिलं होतं ते सांगितलं."

मला हे पटलं, आणि पटलं म्हणून राग आला. एवढ्या साध्या गोष्टीमुळे आम्ही इथवर आलो होतो.

"न उघडताही करतात," मी पिशवीवर हात ठेवून म्हणालो.

"करतात. वेळ जास्त लागतो. तुमच्या मिसेसचं बीपी पडत होतं. आम्ही आधी थंड केलं आणि मग मोकळं केलं."

"अट कळली असती तर?"

"तर तुम्हाला बाहेर येऊन विचारलं असतं. तुम्ही नाहीच म्हणाला असतात तर कदाचित न उघडता प्रयत्न केला असता. कदाचित काहीच न घेता परत गेलो असतो."

मामींनी हात वर करून मला थांबवलं. "तिला कळत व्हतं का? कापताना?"

"नाही, मावशी."

"मंग हातपाय हलू नये म्हणून औषध देत्यात, ते?" हे मी त्यांना बसमध्ये सांगितलं होतं. सांगायला नको होतं असं लगेच वाटलं.

सर्जननी माझ्याकडे एकदा पाहिलं. "पाठीच्या कण्यातून हात हलू शकतो. मेंदूचा त्याच्याशी संबंध नसतो. म्हणजे कसं, पालीची शेपटी तुटली तरी..."

"शेपटी तुटल्यावर पाल जिती असती, साहेब," मामी म्हणाल्या. "मरती ती शेपटी."

 सर्जननी उदाहरण सावरायचा प्रयत्न केला नाही. "बरोबर आहे," म्हणाले. "चुकीचं उदाहरण दिलं. मला एवढंच सांगता येतं की तिथं कळून घेणारं कुणी उरलेलं नव्हतं. ते तपासलं होतं, दोनदा."

"आन् हार्ट?"

"हृदय जागेवर होतं. आम्ही ते काढलं नाही. ते घ्यायला वेगळे डॉक्टर येतात, त्या दिवशी कुणी आलं नव्हतं. द्रावण सोडलं तेव्हा ते थांबलं. मी पाहिलं. मग आहे तसं ठेवून छाती शिवली."

"कशावरून?"

"माझ्याकडे पुरावा नाही, मावशी. शरीर तर तुम्ही जाळलंत."

 मी वाट पाहत होतो. त्या बारीक अक्षरातल्या वाक्याची. सर्जन दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. मला वाटलं, आता ते उठतील, आम्हाला नमस्कार करतील, आणि मला माझं उत्तर मिळेल.

ते म्हणाले, "एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सांगतो. यकृताबरोबर आम्ही ओटीपोटातल्या नसांचे तुकडे घेतले. मांडीकडे जाणाऱ्या. दोन्ही बाजूंच्या. घेणाऱ्याला जोडताना कमी पडलं तर लागतात. तुम्हाला ते सांगितलेलं नसणार. सांगायला हवं होतं."

मामी त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग पदर सावरून उभ्या राहिल्या. "चला, जावईबापू," त्या म्हणाल्या. "हार्ट नेलं नाय."

"मामी..."

"नेलं असतं तर हे कशाला सांगितलं असतं त्यांनी? कुणाला कळणार व्हतं?" त्यांनी सर्जनना हात जोडले. "पानी द्या आता."

त्यांनी पाणी घेतलं. माझ्या परीक्षेत सर्जन उतरले होते. ठरवल्याप्रमाणे मलाही विश्वास बसायला हवा होता. पण माझ्या मनात आलं की पुस्तकात होतं तेवढं ते बोलले. पुस्तकात नाही ते काय असेल? आणि मामी दाराशी पोचल्यावर, त्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात मी विचारलं, "त्या नसा लागल्या का?"

"नाही," सर्जन म्हणाले. "जोडणी नीट झाली. तुमच्या मिसेसचं यकृत छान होतं."

"मग त्या कुठं आहेत?"

"थंड ठेवतात काही दिवस. पेशंटला पुन्हा लागल्या तर असाव्यात म्हणून. नंतर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मीही करायला लावलं नाही. यकृत कुणाला दिलं हे ते सांगू शकत नव्हते, आणि तो माणूस चालायला लागला आहे एवढंच त्यांनी सांगितलं.

परतीच्या बसमध्ये मामी झोपल्या. दहाव्यापासून त्या नीट झोपल्या नव्हत्या, असं मेहुणा म्हणायचा. नारायणगावला गाडी थांबली तेव्हा त्या जाग्या झाल्या, आणि मी सांगून टाकलं. तिच्या आईला सांगेन असा शब्द दिला होता. नसा लागल्या नाहीत. त्या अग्नीतही गेल्या नाहीत आणि त्या माणसातही नाहीत.

त्यांनी ऐकून घेतलं. खाली एक बाई गजरे विकत होती. मामींनी तिच्या टोपलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माळ करताना उरलेल्या पाकळ्या कुठं जात्यात ते आपण कधी बघतो का?"

"ती पाकळी नव्हती, मामी."

"नव्हती," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "नव्हतीच. पर आता आपल्याला बघायचं नाय."

नाशिकला पोचल्यावर त्यांनी भावकीतल्या बायकांना गोळा करून सांगितलं की हार्ट नेलेलं नाही, छाती उघडावीच लागते, मी स्वतः विचारून आले. नसांचं सांगितलं नाही. त्यानंतर वर्षश्राद्धाला, चंपाषष्ठीला, एरवीही, त्या माझ्या घरी येत राहिल्या. येताना शेवंती आणायच्या आणि फोटोला घालायच्या. मुलगी गेल्यावर जावयाकडे येणं तुटतं, तसं आमचं तुटलं नाही. यकृताबद्दल त्या कधीमधी बोलायच्या, म्हणजे पुण्याकडचा पाऊस पेपरात वाचला की, "तिकडं बरं असंल ना त्याला," एवढंच. त्यांचा विश्वास होता. मी तो त्यांच्यासमोर कधी हलवला नाही.

मी मात्र शोधत राहिलो. पुढची काही वर्षं जे मिळेल ते वाचलं. सुट्या नसा किती काळ टिकतात, कशात ठेवतात, त्यांचं पुढे काय करतात. प्रत्येक ठिकाणी थोडं वेगळं लिहिलेलं होतं. सर्जननी सांगितलेलं कुठं खोटं ठरलं नाही, आणि पूर्ण खरं आहे असंही सिद्ध झालं नाही. मग वाचणं आपोआप कमी झालं. एक दिवस माझ्या लक्षात आलं की मी आता पुस्तक उघडतो ते फक्त यकृत फिकट होतं त्या परिच्छेदापाशी, आणि तेवढं वाचून मिटतो.

मामी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. यकृत कुणाला मिळालं हे मला माहीत नाही. त्या नसांचं काय झालं हेही माहीत नाही. शस्त्रक्रियेचं पुस्तक माझ्या कपाटात आहे. फोटोला फूल मी घालतो. शेवंती विकत आणावी लागते.